बिनखिडकीचं बाथरूम : सारखे विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची जरा लांबलेली उत्तरं

आमचं घर नाशिकला सिडकोत. बाथरूमला खिडकी नाही, व्हेंटिलेटर नाही, साधं भोकसुद्धा नाही. बारा वर्षं झाली अशीच काढतोय. घरी येणारा प्रत्येक पाहुणा हात धुवून बाहेर आला की काहीतरी विचारतोच, आणि आता तर नातेवाईक घर बघायला जाताना मलाच फोन करतात. म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकलं.

अशी बाथरूमं होतात तरी कशी? खिडकी ठेवायला विसरतात का लोक?

विसरत कोणी नाही हो, बुजवतात. सिडकोतली घरं मुळात छोटी, मग कुटुंब वाढलं की मागची मोकळी जागा आत घ्यायची, तिथे किचन नाहीतर पोराला खोली, आणि आधी मागच्या अंगणात उघडणारा बाथरूमचा व्हेंटिलेटर आता थेट गॅसच्या ओट्यावर उघडायला लागतो. आमच्याकडे अगदी हेच झालं. आईने दोन महिने सहन केलं आणि मग मिस्तरीला बोलावून विटा लावून घेतल्या. तिचं चुकलं असंही म्हणता येत नाही, पोहे परतताना कोणाला तो वास हवाय.

जुन्या नाशकात, भद्रकाली-रविवार कारंजाकडच्या वाड्यांमधे, न्हाणी कुठे जिन्याखाली तर कुठे मागच्या पडवीत, अंधारीच असायची. पण तिथे दार म्हणजे वर-खाली फट असलेल्या फळ्या, शेजारी उघडा चौक, पाणी तापवायचा बंब बाहेर आणि संडास तर अजून लांब. म्हणजे खिडकी नसली तरी हवा खेळती होती. आपण मात्र न्हाणी, संडास, गिझर, वॉशिंग मशीन सगळं एका पेटीत कोंबलं आणि वर फायबरचं घट्ट दार लावलं.

फ्लॅटमधे तिसराच प्रकार. नकाशावर खिडकी असते, ती उघडते डक्टमधे, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीत, आणि डक्टवर वरच्या मजल्यावाल्याने पावसाचं पाणी येतं म्हणून पत्रा टाकलेला असतो. कागदावर व्हेंटिलेशन, प्रत्यक्षात बंद बाटली.

हे नियमात बसतं का?

नियमांचा गाभा सरळ आहे, बाथरूमची हवा बाहेरच्या मोकळ्या जागेत नाहीतर डक्टमधे जायला हवी आणि नैसर्गिक सोय नसेल तिथे पंख्याने बाहेर काढायला हवी. मुंबईसारखे काही भाग सोडले तर राज्यात डिसेंबर २०२० पासून एकत्रित नियमावली आहे, तिला यूडीसीपीआर म्हणतात. नवीन बांधकाम किंवा वाढीव खोली काढत असाल तर आर्किटेक्टला आधीच विचारा. विटा लावून झाल्यावर मला विचारून उपयोग नाही.

थंडी फार आहे, गॅस गिझर आत बसवला तर चालेल का? एक्झॉस्ट आहे आमच्याकडे.

नाही. बाकी सगळ्या उत्तरांत मी "बघा बुवा तुमच्या सोयीने" म्हणेन, इथे नाही.

गॅस जळायला ऑक्सिजन लागतो. बंद खोलीत तो कमी पडला की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत, ठसका लागत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटपटतात, आणि माणसाला वाटतं गरम पाण्याने चक्कर आली असेल. दार आतून बंद. दर हिवाळ्यात कुठून ना कुठून अशी बातमी येतेच, तरुण धडधाकट माणसं असतात.

"वास आला तर कळेल ना" हे मला तीन जणांनी तरी म्हटलंय. जो वास येतो तो गॅस गळतीचा, सिलेंडरमधे मुद्दाम घातलेला. जळल्यानंतर जे तयार होतं त्याला वास नसतो. आणि एक्झॉस्टच्या भरवशावर राहू नका. लाईट गेली की पंखा बंद पण गॅस गिझर बॅटरीवर चालूच राहतो, आणि दार घट्ट असेल तर पंख्याला पुरेशी हवाच मिळत नाही.

गॅस गिझर हवाच असेल तर तो उघड्या गॅलरीत किंवा बाहेरच्या भिंतीवर, आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप. नाहीतर विजेचा गिझर. ३ किलोवॅटचा इन्स्टंट गिझर साधारण १३ अँपिअर खेचतो, त्याला १६ अँपिअरचा पॉइंट, अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, हवा. कोळशाची शेगडी, बंब, हे तर आत आणायचंच नाही. आणि कोणी आत बेशुद्ध सापडलं तर आधी दार फोडून उघड्या हवेत आणा, गॅस बंद करा, १०८ ला फोन करा. तुम्ही स्वतः आत जास्त वेळ थांबू नका.

एक्झॉस्ट फॅन लावलाय तरी आरसा धूसर आणि भिंती ओल्या. फॅन खराब आहे का?

बहुतेक नाही. दाराखालून फट आहे का बघा.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा आलाय आणि उत्तर दर वेळी हेच. पंखा हवा बाहेर फेकतो म्हणजे तेवढीच हवा आत यायला हवी. दार खाली टेकलेलं, वर रबर, बाजूला रबर, मग तो बिचारा हवा आणणार कुठून? फिरतो, आवाज करतो, फेकत काहीच नाही. आमच्याकडे दोन वर्षं हेच चाललं होतं, मी तर पंखा बदलूनही आलो, नवा पण तसाच. शेवटी सुताराने दार खालून बोटभर कापलं, आणि दुसऱ्या दिवसापासून फरक. दार कापायचं नसेल तर खालच्या बाजूला जाळी बसवून मिळते.

तपासायचं कसं? दार बंद करून पंखा चालू करा आणि टिश्यू पेपरचा एक पदर जाळीला लावा. चिकटून राहिला तर पंखा ओढतोय. मग उदबत्ती दाराच्या फटीजवळ धरा, धूर आत ओढला गेला पाहिजे. दार उघडल्यावर टिश्यू चिकटतो आणि बंद केल्यावर पडतो, असं असेल तर रोग दारातच आहे.

दुसरी चूक, पंखा दाराच्या अगदी वर बसवणं. हवा फटीतून आत येते आणि तिथूनच बाहेर जाते, शॉवरच्या कोपऱ्यातली वाफ जागच्या जागी. पंखा दारापासून जितका लांब आणि जितका उंच तितकं बरं.

केवढा फॅन घ्यायचा?

५ बाय ७ फूट आणि ८ फूट उंच म्हणजे २८० घनफूट, साधारण ८ घनमीटर. तासाला आठ वेळा हवा बदलायची म्हटलं तर ६४ घनमीटर. ६ इंची पंख्याच्या डब्यावर याच्यापेक्षा मोठा आकडा असतो, पण तो मोकळ्या हवेतला. भिंतीच्या भोकात थेट बसणार असेल तर ६ इंची पुरतो. पुढे पाइप असेल तर साधा पात्यांचा पंखा दम सोडतो, तिथे पाइपमधे बसणारा इनलाइन पंखा लागतो. महाग पडतो, पण पर्याय नाही.

बाहेरची भिंतच नाही, मग हवा सोडायची कुठे?

माळ्यावरून पाइप नेऊन ड्राय बाल्कनीत किंवा घराच्या बाहेरच्या भिंतीतून. आम्ही ४ इंची पीव्हीसी पाइप किचनच्या माळ्यावरून मागच्या भिंतीपर्यंत नेला. दोन गोष्टी सांभाळा, पाइपला उतार बाहेरच्या बाजूला द्या, कारण थंडीत आत वाफेचं पाणी होतं आणि उतार उलटा असला तर ते पंख्यातून डोक्यावर टपकतं, आणि वळणं कमीत कमी ठेवा. बाहेरच्या टोकाला झडप असलेली जाळी लावा, नाहीतर कबुतर घर करेल.

माळ्यातच किंवा फॉल्स सीलिंगच्या वर हवा सोडून देणं हा जो शॉर्टकट काही इलेक्ट्रिशियन सुचवतात तो घेऊ नका. ओल जात नाही, फक्त दिसेनाशी होते. वर्षभराने माळ्यावरच्या गाद्या काढल्या की कळतं.

डक्टमधे सोडत असाल तर झडप हवीच, नाहीतर खालच्यांच्या बोंबलाचा वास तुमच्या बाथरूममधे. आणि डक्टवर पत्रा असेल तर आधी सोसायटीच्या मीटिंगमधे तो विषय काढा, भांडण होईल, होऊ द्या. पत्रा काढायचा नसेल तर निदान फूटभर उचलून बाजूने हवा जाऊ द्या.

किती वेळ चालवायचा? बिल वाढेल ना.

अंघोळीला जाताना सुरू, आणि शेवटच्या माणसाच्या अंघोळीनंतर अर्धा तास. ३० वॅटचा पंखा रोज दोन तास चालला तर महिन्याला दोन युनिटसुद्धा होत नाहीत. आमचे बाबा अजूनही मागून जाऊन बंद करतात. शेवटी टायमरचा स्विच लावला, तो त्यांना बंद करता येतो हे अजून त्यांना सांगितलेलं नाही.

पंखा लावायची परवानगी नाही, भाड्याचं घर आहे. काय करू?

वायपर. हसू नका. ३० अंशांच्या एका घनमीटर हवेत फार तर ३० ग्रॅम वाफ मावते, म्हणजे ८ घनमीटरचं अख्खं बाथरूम वाफेने तुडुंब भरलं तरी हवेत पाणी पाव लिटरच्या आसपास. एवढं पाणी तर अंघोळीनंतर भिंतीच्या टाइल्सवर आणि फरशीवर सहज पडलेलं असतं. ते दोन मिनिटांत वायपरने जाळीत ढकललं की हवेत जाणारी ओलच गेली. पंखा असलेल्यांनीही हे करा.

दुसरं, बादलीत आधी गार पाणी मग गरम. रिकाम्या बादलीत कढत पाणी सोडलं की पहिल्या मिनिटाला खोली ढगात जाते. शॉवरपेक्षा बादलीने वाफ कमी होते. तिसरं, अंघोळ झाली की दार उघडं आणि टेबल फॅन दारात, तोंड आतल्या बाजूला. फॅन आणि त्याची वायर बाहेरच, कोरड्या फरशीवर, आत नाही. ओले टॉवेल, धुतलेले कपडे आत ठेवू नका, ते गच्चीवर नाहीतर खोलीत पंख्याखाली.

नाशिकच्या हवेत हे कमी-जास्त होतं का?

होतं ना. एप्रिल-मे मधे इथली हवा इतकी कोरडी की दार उघडं ठेवलं तरी बाथरूम पाऊण तासात खडखडीत, त्या दिवसांत सगळ्यांना वाटतं आपला प्रश्न सुटला. मग जुलै येतो. त्र्यंबक-इगतपुरीइतका पाऊस शहरात नाही पण झड लागली की आत येणारी हवाच ओली, पंखा तेवढंच करतो आणि वेळ दुप्पट लागतो. तेव्हा टाइल्स पुसणं हाच खरा उपाय. ज्यांच्या घरात बाळंतीण आहे किंवा दम्याचं माणूस आहे त्यांनी विजेचा डिह्युमिडिफायर बाथरूमच्या बाहेर पॅसेजमधे ठेवून बघावा, स्वस्त नाही पण चालतो.

आणि डिसेंबर-जानेवारी वेगळाच. निफाडइतकं नसलं तरी शहरातही पारा दहाच्या खाली जातो, आणि १० अंशांच्या हवेत घनमीटरला जेमतेम ९ ग्रॅम वाफ मावते. पाणी कढत, भिंती गार, सगळी वाफ टाइल्सवर. छतावरून थेंब पडतात तो स्लॅब गळत नसतो, तुमच्याच अंघोळीचं पाणी असतं. वरच्या मजल्यावरच्या काकूंशी भांडायच्या आधी दोन दिवस अंघोळीनंतर छत पुसून बघा, आम्ही भांडून बसलोय.

छताच्या कोपऱ्यात काळं येतं. रंग दिला तरी परत येतं.

बुरशी आहे. वरून रंग दिला तर ती रंगाच्या आत सुखाने राहते. आधी मारायची. ब्लीचचं पातळ पाणी, एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी, फडक्याने लावायचं, दहा-पंधरा मिनिटं ठेवून पुसायचं, पूर्ण वाळू द्यायचं, मग खरवडून बुरशीरोधक प्रायमर आणि रंग. ब्लीच लावायच्या आधी कोरडं असताना ब्रशने घासू नका, सगळं नाकात जातं. मास्क लावा, दार उघडं ठेवा, पंखा चालू.

आता हे नीट वाचा. ब्लीच आणि ॲसिड, किंवा ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर, एकत्र कधीच नाही. क्लोरीन वायू सुटतो, आणि बिनखिडकीच्या खोलीत तो जाणार कुठे? एक दिवस एक, दुसऱ्या दिवशी दुसरं, मधे भरपूर पाणी. शिवाय ॲसिडने टाइल्समधलं सिमेंट खाल्लं जातं, त्या खड्ड्यात पाणी बसतं आणि बुरशीला नवीन घर मिळतं. फटी परत भरायच्या असतील तर इपॉक्सी ग्राउट.

छताला पीओपी नको, पाणी पितं. जुनी पद्धत म्हणून चुना लावला तर खरंच बरा टिकतो, चुन्यावर बुरशीला जमत नाही.

बाथरूमच्या मागच्या भिंतीला बेडरूमचं कपाट आहे, कपड्यांना कुबट वास येतो.

आधी ठरवा की ओल भिंतीतून येतेय की हवेतून. वीतभर प्लास्टिकचा कागद भिंतीला चारी बाजूंनी टेप लावून चिकटवा, दोन दिवसांनी बघा. कागदाच्या आतल्या बाजूला पाणी असेल तर भिंतीतून येतंय, म्हणजे पाइप किंवा टाइल्सच्या फटी, प्लंबर बोलवा. बाहेरच्या बाजूला दव असेल तर हवेतली ओल. दोन्हीपैकी काहीही असलं तरी कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, ते तरी फुकट आहे.

वास येतो, गटारासारखा, विशेषतः गावाहून आल्यावर.

नहाणी ट्रॅपमधलं पाणी आटलंय. जाळीखालच्या वाटीत दोन इंच पाणी थांबतं आणि ते गटाराचा वास अडवतं. आठ-पंधरा दिवस घर बंद राहिलं की उन्हाळ्यात ते उडून जातं. तांब्याभर पाणी ओता, दहा मिनिटांत वास बंद. गावाला जाताना पाण्यावर चमचाभर खाद्यतेल सोडलं तर लवकर आटत नाही. पाणी असूनही वास येत असेल तर जाळी काढून केस आणि साबणाचा गाळ काढा, केसाळ पंखांची बारीक माशी दिसतेय ती त्याच गाळात वाढते, स्प्रे मारून जाणार नाही.

कापूर, मीठ, कोळसा ठेवला तर?

कापराने वास झाकला जातो, ओल एक थेंब कमी होत नाही. वाटीभर मीठ पावसाळ्यात ओलं होतं खरं, पण वाटीभरच पाणी घेणार ना. दुकानात ओल शोषायचे पांढऱ्या खड्यांचे डबे मिळतात, ते कपाटात ठीक, रोज अंघोळ होणाऱ्या खोलीत दोन दिवसांत भरतात. पैसे वाया.

उजेडाचं काय? सकाळीसुद्धा रात्र वाटते.

दारावर काचेची पट्टी किंवा ग्लास ब्लॉक लावले की हॉलचा उजेड आत येतो. आम्ही तेवढंच केलं आणि आईने पहिल्यांदा "बरंय" म्हटलं. दिवा पांढरट-पिवळसर, साधारण ४००० केल्व्हिनचा, आणि ओलीत चालणारा. बाथरूमच्या वर मजला नसेल आणि गच्ची तुमचीच असेल तर छतातून काच घेता येते, फक्त पावसाळ्याआधी वॉटरप्रूफिंग नीट. आणि बाथरूमचा दिवा आणि पंखा इन्व्हर्टरवर घ्या नाहीतर बॅटरीचा बल्ब लावा. अंगाला साबण, डोळ्यात फेस आणि महावितरणची लाईट गेली, हा अनुभव एकदा पुरतो.

झाडं ठेवू का?

मनी प्लांट, स्नेक प्लांट जगतात, पण दर आठवड्याला बाहेर काढून उजेड दाखवायचा. हवा शुद्ध होते वगैरे सोडून द्या. छान दिसतं तेवढं पुरे.

म्हातारं माणूस किंवा लहान मूल आत अडकलं तर?

खिडकी नाही म्हणजे हाकही धड ऐकू येत नाही. बाहेरून नाण्याने उघडेल अशी कडी बसवा, जुनी लोखंडी कडी काढून टाका. आजोबांना वाफेत चक्कर येते म्हणून आमच्याकडे ते दार नुसतं लोटून घेतात आणि आत गाणं म्हणतात. गाणं थांबलं की कोणीतरी उठतं.

फ्लॅट बघायला चाललोय, काय बघू?

दुपारी जाऊ नका, सकाळी नऊच्या आसपास जा, अंघोळी झालेल्या असतात. दार बंद करून आत एक मिनिट उभे रहा. नवीन रंगाचा वास फक्त बाथरूमच्या छतालाच येत असेल तर विचारा का. टिश्यू खिशात ठेवाच. डक्टमधे डोकावा, वर आकाश दिसतंय की पत्रा. मालक म्हणेल "एक्झॉस्ट आहे ना", त्याला म्हणा चालू करून दाखवा.

बाथरूमला खिडकी नाही म्हणजे वास्तुदोष का?

मामांनी एका वास्तुवाल्यांना बोलावलं होतं, ते म्हणाले ईशान्येला आरसा लावा. आरसा लावला. रोज धूसर होतो, रोज पुसतो.